कानावाटे येणारी भाषा

परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलांना अक्षरे पुस्तकातून शिकविता येतात. उच्चार मात्र कानावाटेच येतो. आपली देवनागरी कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील ‘च’ ती सारखाच लिहिते. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हा भेद कागदावर दिसत नाही. एका ‘चमच्या’चे दोन ‘चमचे’ झाले की शेवटचा ‘च’ बदलतो, हे कोणते बालबोध पुस्तक सांगते? घरात आजी असेल तर प्रश्नच नाही. ती नसेल तेथे आता संगणकावरचा पाठ तिच्या जागी येऊन बसला आहे.

असे पाठ मी सिल्व्हासाजवळच्या आमच्या सुरंगी गावी राहून ध्वनिमुद्रित करीत असते. या मुलखात वारली, गुजराती, मराठी, हिंदी अशा भाषा एकाच बाजारात कानी पडतात. आमची मुलेही मग सर्व ‘च’ एकाच, गुजराती वळणाने म्हणू लागतात. त्यांचा त्यात काय दोष? बडोद्याच्या पुतणीने हे काम माझ्याकडे सोपविले, तेव्हा एवढेच बजावले, “काकू, चित्र नसले तरी चालेल, शब्द स्पष्ट हवा.”

तिची अट मला या भूमीला साजेशी वाटली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्व्हासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाले. त्या मुक्तिलढ्यात सुधीर फडके सामील होते. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ पासून, त्यांनी संगीतबद्ध केलेले ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. छप्पन्न गीते, आणि डोळ्यांपुढे चित्र एकही नाही! तरीही श्रोत्यांना सारी अयोध्या दिसली. आवाज स्वच्छ असला की कानालाही दृष्टी येते.

तो स्वच्छ ठेवणे मात्र येथे सोपे नाही. कारखान्यांची घरघर, मालमोटारींची ये-जा आणि पावसाळ्यात पत्र्यावर कोसळणाऱ्या सरी! नको तो आवाज नंतर पुसून टाकण्याची सोय संगणकात असते; परंतु ती जपून वापरावी लागते. ‘चमचा’मधील दंत्य ‘च’ची ओळख त्यातल्या बारीक सुस्काऱ्यावर असते आणि यंत्राला सुस्कारा व गोंगाट यांतला फरक नेहमीच कळतो असे नाही. गोंगाटाबरोबर तो सुस्काराही खरवडला गेला, की शिकविण्याचे तेच हातचे निसटते. म्हणून गोंगाट मुळातच आत येऊ न देणे बरे.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. मी पहाटेची वेळ धरते, पंखा बंद करते आणि कपड्यांचे कपाट उघडून त्याच्यापुढे बसते. पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टाकते. उघड्या भिंतींवरून परतणारा घुमारा त्यामुळे बराच कमी होतो. ध्वनिग्राहक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा धक्का त्यावर आदळतो. आवाजाची पातळी मोजणारा काटा शून्याखाली सहा डेसिबेलच्या पुढे जाऊ देऊ नये. एकदा फाटलेला आवाज पूर्ववत शिवता येत नाही. आरंभी दहा सेकंद काहीच न बोलता मुद्रण चालू ठेवावे. खोलीची ती शांतता पुढे जोडकामात उपयोगी पडते.

वाचनाचेही तसेच. डोळ्यांसाठी लिहिलेले लांब वाक्य कानाला पेलत नाही, ते तोडावे. नवा शब्द दोनदा म्हणावा आणि मध्ये इतकी जागा सोडावी, की ऐकणाऱ्या मुलाला तो आपल्या तोंडाने म्हणून पाहता येईल. ही जागा रिकामी दिसली तरी खरा पाठ तिथेच घडतो.

पाठ साधला की नाही, हे मी अखेर काट्यावरून ठरवीत नाही. शेजारच्या एखाद्या मुलाला ऐकविते आणि म्हणायला लावते. त्याच्या तोंडून ‘चमचा’ आणि ‘चमचे’ वेगवेगळे उमटले, तर मुद्रण उत्तम. वाचकहो, आपल्या घरी असे शब्द जन्मजात शुद्ध म्हणणारे कोणी वडीलधारे असेल, तर गोधडी टांगून त्यांना बोलते करा. पुस्तक पुन्हा छापता येईल. तो आवाज मात्र ते आहेत तोवरच मिळणार आहे.