मोजणीला माझा विरोध होता

वस्तीतल्या लोकांनी आपल्या वस्तीची मोजदाद स्वतः करावी आणि तिच्यावरून आपले निर्णय घ्यावेत, असं मी आज ठामपणे म्हणते. काही वर्षांपूर्वी हेच कुणी सुचवलं की मी बैठकीत उठून विरोध करायचे. त्या विरोधामागची कारणं मला आजही खरी वाटतात, म्हणून आधी तीच सांगते.

भिवंडीत दाराशी कागद-पेन घेऊन कुणी आलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘कशासाठी?’ १९७० आणि १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगली ज्यांनी पाहिल्या, त्यांना ‘घरात किती माणसं, मूळ गाव कुठलं’ ही चौकशी साधी वाटत नाही. यंत्रमागावरची कितीतरी माणसं उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली. रेशनकार्ड गावाकडे, भाडेकरार तोंडी. खोलीत कितीजण राहतात हे घरमालक सांगत नाही आणि राहणाराही सांगत नाही. अशा ठिकाणी यादी झाली तर ती पुढे कुणाच्या हाती पडेल, याचा भरवसा मला नव्हता. शिवाय पाणी, गटार, रस्ता हे हक्काचे प्रश्न आहेत. हक्क मागायला आकडे कशाला हवेत? सह्या गोळा कराव्यात, निवेदन द्यावं, वेळ पडली तर मोर्चा काढावा, असं मी म्हणायचे.

भिवंडीतल्या आमच्या टेमघरला पाण्याचा विषय निघाला की आवाज चढतोच. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचललं जातं, आमच्या इथल्या केंद्रात शुद्ध होतं आणि ठाणे, मीरा-भाईंदर, भिवंडी आणि आसपासच्या ग्रामपंचायतींकडे जातं. एवढी मोठी योजना शेजारी असताना गल्लीच्या टोकाच्या घरी हंडा भरायची पंचाईत. आम्ही निवेदनं द्यायचो. समोरचे साहेब विचारायचे, ‘कुठल्या दिवशी? किती वाजता? किती वेळ?’ आम्ही म्हणायचो, ‘रोजच.’ त्यांचा प्रश्न मला टाळाटाळीचा वाटायचा.

माझं मत बदललं ते भिंतीवरच्या कालनिर्णयमुळे. टोकाच्या घरातल्या वहिनी तारखेच्या ज्या चौकटीत दुधाचा खाडा लिहायच्या, त्याच चौकटीत पाणी आल्याची आणि गेल्याची वेळही लिहायला लागल्या. ते बघून शेजारच्या आपांनी सुरू केलं. मग गल्लीच्या तोंडाशी, मध्ये आणि टोकाला अशी काही घरं ठरली आणि आणखी एक नोंद वाढली. वीस लिटरची बादली नळाखाली ठेवायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघायचं. महिना संपल्यावर ती पानं वहिनींच्या ओट्यावर शेजारी शेजारी मांडली. टोकाला पाणी उशिरा येतं आणि लवकर जातं, हे सगळ्यांना माहीत होतंच. पण पाण्याच्या वेळेला ज्या ज्या दिवशी वीज गेली होती, त्या त्या दिवशी टोकाच्या घरची बादली भराभर भरली होती. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

वीज नाही म्हणजे मोटारी बंद. गल्लीच्या तोंडाकडच्या घरांनी थेट नळाच्या लाइनीला मोटारी जोडल्या होत्या. त्या पाणी ओढून घेत आणि पुढे दाबच उरत नसे. निवेदनात आम्ही सगळे एका बाजूला आणि कार्यालय दुसऱ्या बाजूला असायचं; या पानांनी आमच्यातलीच दोन टोकं उघडी केली. त्या संध्याकाळी बरीच वादावादी झाली. शेवटी पाणी आल्यावर पहिला अर्धा तास कुणी मोटार लावायची नाही असं ठरलं. सगळ्यांनी ते पाळलं नाही, काही जण आजही पाळत नाहीत. पण एक-दोघांनी जमिनीखाली टाकी बांधून मोटार तिच्यावर घेतली, आणि वहिनींना पहाटे उठून दुसऱ्यांच्या नळावर जावं लागणं कमी झालं. त्यानंतर आम्ही कार्यालयात गेलो ते पानांच्या झेरॉक्स घेऊन. त्या दिवशी बोलणं झालं ते पाइपच्या व्यासावर आणि व्हॉल्व्ह उघडायच्या वेळेवर. ‘कुठल्या दिवशी, किती वाजता’ हा प्रश्न तेव्हा मला कामाचा वाटला.

मग मी दुसरीकडे कुणी काय केलंय ते शोधून वाचू लागले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ऑल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या फुटपाथवरची घरं हटवायला महापालिकेला मुभा दिली. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या परिसरातल्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी करून ‘वुई, द इन्व्हिजिबल’ हा अहवाल काढला. आज इथं, उद्या तिथं असे समजले जाणारे हे लोक वर्षानुवर्षं तिथेच राहून जवळपासच्या कामावर पायी जातात, हे त्यातून दिसलं. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरेबाजारला पडलेला पाऊस मोजतात, विहिरींची पातळी बघतात आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून पिकं ठरवतात. पाऊस कमी झाला की जास्त पाण्याच्या पिकांचा विषयच संपतो.

पण माझी भीती कमी झाली ती भिवंडीच्याच इतिहासामुळे. १९८४ च्या दंगलीनंतर इथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांबरोबर नियमित बसू लागली, कुठे काय धुमसतंय ते बोलू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. दंगल पाहिलेल्या याच माणसांनी तेव्हा आपल्या गल्लीची माहिती मोकळेपणी समोर ठेवली होती, कारण ती कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि बैठकीत ती स्वतः हजर होती. तेव्हा मला कळलं की माझा खरा आक्षेप मोजण्याला नव्हताच. आमच्याबद्दलची माहिती आम्हाला न विचारता, आमच्या माघारी कुठेतरी साठवली जाते, याला तो होता. तो आक्षेप मी सोडलेला नाही. म्हणूनच आमच्या नोंदींत नाव, जात, धर्म, मूळ गाव यातलं काहीही नसतं. नळ, वेळ, दाब, तुंबलेलं गटार, बंद पडलेला दिवा एवढंच लिहायचं. मूळ पानं ज्या त्या घरी राहतात, आणि गल्लीतल्या कुणालाही ती बघता येतात.

अशा नोंदींची गरज आता वाढणार आहे. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महापालिकेची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली, आणि दरम्यान इथे चाळींच्या जागी इमारती आल्या. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोवर टेमघर नावाचं स्थानक येणार आहे. स्थानकाच्या जिन्यापासून आमच्या गल्लीपर्यंत माणसं कुठून चालणार, गोदामांकडे जाणाऱ्या ट्रेलरमधून शाळेची पोरं रस्ता कुठे ओलांडतात, रात्रपाळीहून सुटणाऱ्या बायका कुठल्या अंधाऱ्या तुकड्यातून येतात, हे शहराच्या एका आकड्यात सापडणार नाही. जिने बांधून झाल्यावर सांगून उपयोग नाही. सकाळी आणि संध्याकाळी नाक्यावर उभं राहून रस्ता ओलांडणारी माणसं मोजायला कॉलेजची मुलं तयार झाली आहेत.

एक गोष्ट मात्र मला सतत टोचते. ज्या खोल्यांत माग चालवणारी माणसं पाळीपाळीनं झोपतात, दिवसपाळीची उठली की रात्रपाळीची त्याच चटयांवर पडतात, तिथल्या भिंतीवर कालनिर्णय नसतं. पाण्याच्या वेळेला त्यातली निम्मी माणसं मागावर असतात. आमच्या पानांत तो नळ एका घराचा नळ म्हणून धरला गेला, आणि त्याच्यावर किती माणसांची आंघोळ-धुणं-पिणं चालतं हे कुठेच आलं नाही. म्हणजे ज्यांना पाणी सगळ्यात कमी मिळतं, तेच आमच्या हिशेबातून गळाले. त्यांच्याकडे जाऊन डोकी मोजायची तर पुन्हा तोच कागद आणि तीच भीती. आपांच्या मुलाची त्या खोल्यांत ऊठबस आहे. माणसं मोजायला नकोत, रोज किती बादल्या लागतात आणि किती मिळतात एवढंच त्यांनी स्वतः दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहावं, असं त्याने त्यांना सुचवलंय. दोन खोल्या हो म्हणाल्या आहेत. बाकीच्यांनी विचारलं, ‘कशासाठी?’ आणि त्यांना नीट उत्तर द्यायला येत्या शुक्रवारी, माग बंद असतील तेव्हा, वहिनी, आपा आणि मी जाणार आहोत.