माजघरातली बंदूक

एडमंटनला उन्हाळ्यात पाहुणे आले की त्यांना कुठं न्यायचं याची आमची यादी ठरलेली आहे. विधानसभेची इमारत आणि तिच्यासमोरची कारंजी, हाय लेव्हल पूल, वेस्ट एडमंटन मॉल, आणि एक अख्खा दिवस फोर्ट एडमंटन पार्क. गेल्या वर्षी कुडाळहून आई आली, तेव्हाही हाच क्रम होता. मॉलमध्ये ती कंटाळली. नदीकाठची झाडं तिला आवडली, पण 'नारळाशिवाय नदी कसली' असं म्हणून तिनं त्यांचे गुण कापले. फोर्टमध्ये मात्र ती वाफेच्या गाडीतून उतरली तीच हसत.

ज्यांनी हे ठिकाण पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. हडसन्स बे कंपनीचा पहिला एडमंटन किल्ला १७९५ मध्ये इथून खाली, नदीच्या प्रवाहाच्या दिशेला उभा राहिला. जागा बदलत बदलत १८३० मध्ये तो आजच्या विधानसभेजवळ आला आणि १९१५ मध्ये पाडला गेला. किल्ला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे सिंधुदुर्ग नाहीतर विजयदुर्ग येतो. हा मात्र लाकडी ओंडक्यांचा, आणि लढाईपेक्षा कातड्यांच्या व्यापारासाठी बांधलेला. पार्कमध्ये १८४६ सालचा किल्ला पुन्हा उभा केला आहे. जुन्या पोशाखातली माणसं तिथं आपल्याशी त्या काळातल्यासारखी बोलतात.

व्यापाराच्या खोलीत घोंगड्या, किटल्या, मणी मांडलेले होते. एक मुलगी मुलांना लांब नळीची बंदूक दाखवत होती. आई माझ्यामागून पुढं आली, चष्मा वर केला आणि मोठ्यानं म्हणाली, "ही तर आपली बंदूक गो!"

मुलं हसली. मीही हसले. पण आई गंभीर होती.

आमच्या कुडाळच्या घरी माजघरात, देवखोलीच्या दाराशेजारी दोन खुंट्यांवर एक ठासणीची बंदूक असते. एकनळी, माझ्या खांद्याएवढी उंच. पणजोबांपासून ती घरात आहे. माकडं आणि रानडुकरं नारळ-भाताची नासाडी करतात, म्हणून शेतसंरक्षणासाठी तिचा परवाना आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकाल लागला की परत येते. दसऱ्याला तिची पूजा होते. ती पणजोबांना सावंतवाडी संस्थानच्या दरबारातून बक्षीस मिळाली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी सहा वर्षं शाळेत इतिहास शिकवला, 'पुराव्याशिवाय विधान करू नये' असं फळ्यावर लिहून दिलं. पण या बंदुकीचा पुरावा बाबांना कधी विचारला नाही. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले.

त्या मुलीनं जी माहिती दिली ती मी आईला मराठीत सांगत होते. कंपनीच्या या बंदुका इंग्लंडात, लंडन आणि बर्मिंगहॅमला तयार होत. डाव्या बाजूला सापासारखी पितळी पट्टी आणि कोल्ह्याची छोटी मुद्रा ही त्यांची ओळख. त्या दोन्ही पाहिल्याशिवाय इथले लोक बंदूक घेत नसत. चापाभोवतीची कडी मुद्दाम मोठी. का, तर हातमोजा घालूनही बोट आत जावं. हे ऐकून मुलांच्या बाबांनी मान डोलावली. उणे तीसमध्ये गाडीचं दार उघडणाऱ्या माणसाला ते लगेच पटतं. मग ती म्हणाली, एका बंदुकीसाठी तिच्या उंचीइतका बीव्हरच्या कातड्यांचा ढीग द्यावा लागे, ही गोष्ट सगळे सांगतात, पण ती खरी नाही. कंपनीचे दर कातड्यांच्या संख्येवर ठरलेले असत.

परतताना गाडीत मी गप्प होते. म्हणजे प्रत्येक बंदुकीबरोबर एक गोष्ट येते तर. मग आमच्या गोष्टीचं काय?

आमच्या शेजारी एक निवृत्त शेतकरी आजोबा राहतात. त्यांचे पूर्वज युक्रेनकडून व्हेग्रेव्हिलच्या बाजूला शेती करायला आले. दर शरद ऋतूत ते बदकांच्या शिकारीला जातात. मी त्यांना आमच्या बंदुकीचे फोटो दाखवले. नळीवर नाव नाही, कळीवर (घोडा जिच्यावर बसवलेला असतो ती लोखंडी पाटी) नाव नाही, नंबर नाही. सगळं आरशासारखं चकचकीत. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "हे इतकं कोणी घासलं?"

मी अभिमानानं सांगितलं, आमच्या चार पिढ्यांनी. खंडेनवमीला बंदूक खाली उतरायची. पणजोबा विटकरीच्या पुडीनं घासत, आजोबा राखेनं, बाबा पॉलिश पेपरनं. मग खोबरेल तेलाचा हात, गोंड्याची माळ, हळदकुंकू. शेवटच्या दसऱ्याला बाबांनी व्हिडिओ कॉलवर ती दाखवली होती आणि मी म्हटलं होतं, "बाबा, काय चमकतेय!"

आजोबा आत गेले आणि आपल्या आजोबांची दुनळी घेऊन आले. तिचा रंग चॉकलेटी, मळकट. वर कुठंच नाव नव्हतं. त्यांनी पुढचं लाकूड काढलं, नळ्या उलट्या केल्या, आणि खालच्या बाजूला लंबगोलात तीन अक्षरं दिसली : ई, एल, जी. बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीघराची खूण. तिथून अशा स्वस्त, बिननावाच्या बंदुका जगभर गेल्या. "नाव वर असतं, ते दुकानदारासाठी," ते म्हणाले. "खरी खूण खाली असते, लाकडाच्या आत. तिथं कोणाचा हात पोचत नाही."

मग त्यांनी मला समजावलं की जुन्या नळ्यांचा तो चॉकलेटी रंग म्हणजे मळ नव्हे. कारागीर मुद्दाम, हळूहळू, ताब्यात ठेवलेला गंज चढवून तो रंग आणत. उन्हात नळी चमकू नये आणि पुढचा गंज लागू नये म्हणून. आमची बंदूकही घडली तेव्हा बहुधा तपकिरीच असणार. म्हणजे आम्ही जिला उजळ केलं म्हणत होतो, तिचं मूळ रूप आणि तिच्यावरची अक्षरं दोन्ही दसऱ्यागणिक घासून काढत होतो. ती निनावी आली नव्हती. तिला निनावी आम्ही केलं होतं, आणि तेही पूजा म्हणून.

हे मी आईला त्या दिवशी सांगितलं नाही.

जानेवारीत आम्ही मोपा विमानतळावर उतरलो आणि तासा-दीड तासात कुडाळला पोचलो. बाबा गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा झाली होती. वारस म्हणून दादाच्या नावानं परवाना व्हायला बरेच महिने गेले, तेव्हा ती घरी आली होती. दादा वैतागलेलाच होता. "बाये, कायमची जमा करून टाकूया. कोण मारतंय आता माकडं?" मी त्याच्याकडून एक दिवस मागून घेतला. बंदूक, परवाना आणि आम्ही दोघं, असे परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या एका काकांकडं गेलो.

शेजारच्या आजोबांनी मला बजावून पाठवलं होतं, काहीही करण्याआधी ती रिकामी आहे का ते बघा. दादा म्हणाला, केप नाही म्हणजे रिकामीच. काका काही बोलले नाहीत. त्यांनी एक लाकडी सळई नळीत तळापर्यंत घातली आणि तोंडाशी पेन्सिलची खूण केली. मग सळई बाहेर काढून नळीच्या शेजारी धरली. रिकाम्या बंदुकीत सळईचं टोक केप बसवायच्या निपलपर्यंत पोचायला हवं. ते चार बोटं अलीकडंच थांबलं.

बंदूक भरलेली होती.

दादानं खुर्ची मागं सरकवली. माझ्या डोळ्यांपुढं माजघर आलं. त्याच खुंट्यांखाली आमच्या सगळ्यांची मुलं दर सुट्टीत पत्ते खेळतात. बंदूक ठाण्यात जाऊन आली, दसरे झाले, पाहुण्यांनी हातात घेऊन फोटो काढले. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी निपलमधून तेल सोडून दारू भिजवली, बराच वेळ थांबले, आणि टोकाला पेच असलेला गज फिरवत आतलं सगळं बाहेर काढलं. आधी काथ्याचा बोळा आला, मग छर्रे, मग पुन्हा काथ्या आणि काळा चिखल.

तो काथ्या आमच्याच परसातल्या नारळाचा होता. बाबांनी हातानं वळून, ठासून बसवलेला. दादानं तो तळहातावर घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. कायमची जमा करण्याचा विषय त्या दिवसानंतर त्यानं काढला नाही.

मग काकांनी दस्त्यातली पाचर हळूच ठोकून काढली आणि नळी लाकडापासून वेगळी केली. खालची बाजू काळपट तपकिरी, घासकाम न पाहिलेली. तेलाचा बोळा फिरवल्यावर दोन ठसे वर आले. दोन्हींत वर मुकुट आणि खाली एकमेकांवर आडवे दोन राजदंड; एकात 'व्ही', दुसऱ्यात 'बी, पी, सी'. ही बर्मिंगहॅमच्या चाचणीघराची खूण. ते चाचणीघर १८१३ मध्ये कायद्यानं सुरू झालं. तिथं प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढत. नळी फुटली नाही तरच ठसा मिळे. हे ठसे १९०४ पर्यंत चालले. शेजारी १४ हा आकडा होता. तो नळीच्या तोंडाचा माप-आकडा, म्हणजे बोअर. एक पौंड शिशाच्या सारख्या १४ गोळ्या केल्या तर एकेक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १४ बोअरची. म्हणूनच बोअरचा आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते. आकड्यापाशी दोन इंग्रजी अक्षरं होती, बहुधा नळी घडवणाऱ्या कारागिराची. ती कोणाची, हे कधीच कळणार नाही.

काका लाकडाकडं बघून हसले. "हा दस्ता विलायती नाही. विलायती असता तर अक्रोडाचा असता. हा फणस आहे." मूळ दस्ता कधीतरी मोडला असणार आणि आमच्याकडच्या एखाद्या सुतारानं हुबेहूब तसा नवा घडवला असणार. लोखंड बर्मिंगहॅमचं, लाकूड परसातलं.

दरबारातून मिळाल्याचा पुरावा नाही. मिळाली नसल्याचाही नाही. मुलांना मी तसंच सांगितलं. इतिहासाच्या बाईंना याहून जास्त बोलता येत नाही.

"आपण ती एडमंटनला नेऊया का?" धाकट्यानं विचारलं. प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. कॅनडाच्या कायद्यात १८९८ पूर्वी बनवलेली, काडतुसावर न चालणारी बंदूक 'अँटीक' ठरते आणि ती बाळगायला परवाना लागत नाही. पण आमचे ठसे १९०४ पर्यंतचे, म्हणजे नुसत्या ठशांनी साल सिद्ध होत नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. जिथं ती आहे तिथं तिला परवाना लागतो. जिथं कदाचित लागणार नाही, तिथं ती येऊ शकत नाही. मला हे ऐकून उलट बरं वाटलं. आम्ही आलो तेवढं पुरे.

'पूर्ववत' करायचं तरी काय, यावर दादाचं आणि माझं थोडं वाजलं. तो म्हणाला, पुन्हा तपकिरी रंग चढवून घेऊया. काकांनीच अडवलं. नवा रंग चढवायचा तर आधी पुन्हा घासावं लागेल, आणि उरलंसुरलंही जाईल. त्यांनी सांगितलं ते साधं होतं : खोबरेल बंद. शिलाई मशीनचं तेल, मऊ सुती कापड, मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीत एकदा. लाल, हाताला लागणारा गंज तेवढा काढायचा, काळपट तपकिरी थराला हात लावायचा नाही. बार तर काढायचाच नाही. तुमच्या घरी असं काही असेल तर तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. आणि सगळ्यांत आधी जाणकाराकडून सळई घालून बघा.

आईला सांगायचं काम माझ्याकडं आलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या बापाशीन इतकी वर्सां घासली, ता चुकला म्हणतंस तू?"

मला उत्तर सुचलं नाही. मी तिच्यापुढं काथ्याचा तो बोळा ठेवला. तो आता देवखोलीत, हळदकुंकवाच्या करंड्याशेजारी असतो.

यंदा खंडेनवमीला दादानं व्हिडिओ कॉल लावला. एडमंटनला पहाट होती, दारात गोठलेलं दव. तिकडं बंदूक पाटावर होती, तेलाचा हलका हात फिरवलेली. गोंड्याची माळ होती. हळदकुंकू आईनं लोखंडाला न लावता फणसाच्या दस्त्याला लावलं. चमक अजून आहे, पण मागच्या वर्षीपेक्षा थोडी मंद.

"मगे ती चकाकतली कशी?" आईनं पुन्हा विचारलं.

"नको चकाकू दे, आई," मी म्हटलं. "असूदे."

तिनं काही म्हटलं नाही. पदराचं टोक नळीकडं नेलं, अर्ध्यात थांबली, आणि त्यानं आपला चष्मा पुसला.