कच्चं वजन, शिजलेलं वजन



गेल्या चातुर्मासातली गोष्ट. आमच्या ह्यांची साखर वाढली म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिला. संध्याकाळच्या रकान्यात होतं, 'तांदूळ ५० ग्रॅम'. मी हौसेने छोटा वजनकाटा आणला आणि रोज ५० ग्रॅम भात मोजून वाढू लागले. वहीत नोंदीही चोख. बी.कॉम. झालेली बाई ना मी!

आठव्या दिवशी रात्री दहाला ह्यांचे हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम. मीटरवर साखर ६२! मी साखरपाणी पुढे केलं, तर हे मान हलवतात. सूर्यास्तानंतर काही घ्यायचं नाही, हा त्यांचा वीस वर्षांचा नियम. शेवटी म्हटलं, "औषध म्हणून घ्या, प्रायश्चित्त माझ्याकडे." तेव्हा कुठे प्याले. पंधरा मिनिटांनी साखर ९४ झाली.

दुसऱ्या दिवशी आधी डॉक्टरांना कळवलं, मग बाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "वजन कधी करता, शिजवण्याआधी की नंतर?" मी गप्पच झाले.

अहो, तांदूळ शिजताना पाणी पितो आणि पाण्याला उष्मांक नाहीत. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० उष्मांक, तर १०० ग्रॅम भातात जेमतेम १३०. म्हणजे तक्त्यातले १७५ वहीत आणि ताटात फक्त ६५! गोळ्या मात्र पूर्ण. नोंद एका हिशोबाने आणि माल दुसऱ्या हिशोबाने. असा ताळेबंद कसा जुळणार?

आता घरातल्या सगळ्यांचा तांदूळ कच्चाच मोजते. शिजल्यावर पातेल्याचं वजन वजा करून सगळा भात मोजते. काल २०० ग्रॅमचा ५६० ग्रॅम झाला, म्हणजे २.८ पट. ह्यांचे ५० ग्रॅम म्हणजे १४० ग्रॅम भात. पाणी कमी-जास्त झालं की हा आकडा बदलतो, म्हणून रोज नव्याने मोजायचं. डाळीलाही हीच रीत. पोळीसाठी कोरडी कणीक मोजायची. दोडका-भोपळ्याचं उलट, ते शिजून आटतात. म्हणून चिरल्यावरच तोलायचे. आणि फोडणीचं तेल विसरायचं नाही.

ह्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. म्हणाले, "मला वाटलं, तू माझ्याकडून अवमौदर्य करून घेतेस." मला हसू आलं आणि डोळेही भरले. भुकेपेक्षा कमी खाणं हे तप खरं, पण ते ज्याचं त्याने समजून-उमजून करायचं. बायकोच्या चुकीच्या मापाने घडतो तो नुसता उपास, आणि साखरेच्या माणसाला तो झेपत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी असा तक्ता आला, तर आधी विचारा, वजन कच्चं की शिजलेलं?