मुंगसाची वंशावळ

बोरिवलीत ज्या वसाहतीत मी राहतो, तिच्या मागल्या भिंतीपलीकडे राष्ट्रीय उद्यानाची झाडी सुरू होते. आणि पाऊस नुकताच उघडलेल्या एका सकाळी त्या भिंतीच्या बुडाशी पडलेल्या विटांच्या ढिगाऱ्यातून राखी केसांची, लालसर डोळ्यांची एक लांबट आकृती जमिनीसरशी सरकत बाहेर आली, मागच्या पायांवर उभी राहून तिने वारा हुंगला आणि क्षणार्धात ती अळवाच्या पानांखाली दिसेनाशी झाली. ‘आजोबा, माँगूस!’ शेजारची शाळकरी मुलगी ओरडली; ‘मुंगूस,’ मी म्हणालो; आणि विजापूरकडचा आमचा माळी खुरपे थांबवून म्हणाला, ‘मुंगुसी.’ शब्दांच्या व्युत्पत्तीचा शोध घेण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या मला त्या तीन उच्चारांत एका शब्दाचे अवघे दप्तर उलगडल्यासारखे वाटले.

कारण त्या मुलीने शाळेत पाठ केलेला तो इंग्रजी शब्द मूळचा आपलाच आहे. त्याच्या शेवटी हंसवाचक ‘गूस’ ऐकू येतो खरा, परंतु हंसाशी त्याचा सुतराम संबंध नाही. परका ध्वनी कानी पडला की त्याला आपल्या ओळखीच्या शब्दाचे रूप द्यावे, ही जी सर्व भाषांची रीत, तिचाच तो परिणाम होय. म्हणूनच त्याचे अनेकवचन करताना इंग्रज हंसासारखे ‘गीस’ करीत नाही, ‘माँगूसेस’ म्हणतो.

तो शब्द इंग्रजांच्या कानी कसा पडला, ते पाहू. कंपनी सरकारचा सर्जन जॉन फ्रायर १६७३ साली मुंबईत उतरला, तेव्हा बेट कंपनीच्या ताब्यात येऊन उणीपुरी पाच वर्षे झाली होती आणि पलीकडच्या साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल होता. हा फ्रायर साष्टीत हिंडला, आमच्या बोरिवलीजवळची कान्हेरीची लेणीही त्याने पाहिली. आणि १६९८ मध्ये लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तांतात, फेरेट नावाच्या विलायती जनावराचा सगोत्र म्हणून, मुंगसाची नोंद आढळते. ते नाव त्या परदेशी माणसांना प्रथम कोणी सांगितले असेल? एखाद्या पखालवाल्याने, पालखीच्या भोयाने, वखारीतल्या हमालाने. ज्यांची नावे कोणत्याही दस्तऐवजात नाहीत, त्यांनी दिलेला शब्द मात्र जगभरच्या कोशांत सुखरूप आहे.

पुढे त्याचा प्रवास विलक्षण झाला. प्राणिशास्त्रज्ञांनी ‘मुंगोस’ हे नाव ज्या प्रजातीला (जीनस) दिले, त्यातील प्राणी आज आफ्रिकेतच सापडतात. आपल्या अंगणातल्या मुंगसाला त्या प्रजातीत जागा नाही. १८७२ मध्ये उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी कलकत्त्याहून मुंगसे जमैकात नेली गेली. आणि १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाला ज्याने अजरामर केले, तो किपलिंग जन्मला होता याच मुंबईत.

हे सारे अभिमानाने सांगावे असेच आहे. तथापि येथेच थांबणे अर्धसत्य ठरेल. संस्कृत ‘नकुल’पासून उत्तरेकडे ‘नेवला’ झाला; मराठीने मात्र ‘मुंगूस’ हा शब्द दक्षिणेकडून घेतला. कानडीत ‘मुंगुसी’ आहे, तेलुगूत ‘मुंगिस’ आहे. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात यूल आणि बर्नेल यांनी तर हा शब्द तेलुगूच मानला. इंग्रजांचा धनको म्हणून मिरवणारी आपली मराठी या व्यवहारात आधी ऋणको होती, आणि त्यात उणेपणा यत्किंचितही नाही. कारण जी भाषा शेजाऱ्याकडून घेते, तिच्याजवळच परक्याला द्यावयास काही उरते, हे मी माझ्या शास्त्राचे सार समजतो.

त्या सकाळी मी मुलीला एवढेच सांगितले, की तू शाळेत शिकलेला शब्द तुझ्या घरचा आहे आणि तुझ्या घरी तो या काकांच्या मुलखातून आला. ती भिंतीजवळ गेली आणि माळ्याला म्हणाली, ‘काका, पुन्हा एकदा म्हणा ना.’ त्याने म्हटले. तिने त्याच्यामागून, अगदी त्याच्याच सुरात, तो शब्द उच्चारला.