दारावरची थाप

वर्तमानपत्रांत वर्षातून चार-सहा वेळा एक बातमी ठरलेल्या साच्यात येते. मथळ्यात 'हायप्रोफाइल' हा शब्द असतो, खाली मोठ्या शहरातल्या एखाद्या तारांकित हॉटेलवरच्या छाप्याची हकीकत असते आणि शेजारी ओढणीने तोंड झाकलेल्या दोन-तीन मुलींचे छायाचित्र. मराठी पेपर घ्या की कन्नड घ्या, साचा तोच. ज्याने ती खोली पैसे मोजून घेतलेली असते तो मात्र छायाचित्रात सहसा सापडत नाही.

भाषा शिकविण्यात उमर गेल्यामुळे माझे लक्ष शब्दांकडे जाते. या व्यवसायातल्या बाईसाठी आपल्याकडे शब्दांची चणचण कधीच नव्हती. गणिका, वारांगना, नायकीण, कलावंतीण. प्रत्येक शब्दाची पायरी वेगळी, मान-अपमान वेगळा. पुढे टेलिफोन आला तशी 'कॉलगर्ल' आली आणि आता 'एस्कॉर्ट' आली. तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषासाठी मात्र एकच शब्द: आपण 'गिऱ्हाईक' म्हणतो, शेजारचे कन्नड भाऊ 'गिराकी' म्हणतात. आठवड्याच्या बाजारात मेथीची जुडी घेणाऱ्यालाही तोच शब्द. दोन्ही भाषांनी या माणसाला बाजाराच्या गर्दीत किती सहज लपवून टाकले आहे!

दिवाळी अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, हेडमास्तरांनी हा विषय कशाला काढावा, असे काही वाचकांना वाटेल. पण हा विषय आपल्या घरात येऊन बसल्याला बरीच वर्षे झाली. पूर्वी तो टॉकीजमध्ये होता, मग दूरदर्शनवर आला, केबलवर आला आणि आता मुलांच्या हातातल्या फोनमध्ये आहे. अशा बाईशी आपल्यापैकी फारच थोड्यांची कधी गाठ पडली असेल. तरी ती कशी राहते, कशी बोलते, कशी नटते हे आपल्याला पक्के ठाऊक असल्यासारखे आपण बोलतो. हे सारे ज्ञान सिनेमाने दिलेले. तेव्हा सिनेमाने नेमके काय दिले, हे एकदा तपासून पाहायला हरकत नसावी.

सुरुवात कोठ्यापासून करावी लागते, कारण आपल्याकडची उंची बाई आधी तिथेच भेटते. कमाल अमरोहींचा 'पाकीज़ा' १९७२ सालचा आणि मुजफ्फर अलींचा 'उमराव जान' १९८१ सालचा. दोन्ही मी पुष्कळदा पाहिले आहेत आणि अजूनही लागले तर उठवत नाही. पण थोडे दूर होऊन पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. 'पाकीज़ा'तली साहिबजान शेवटी एका खानदानी घराण्यातल्या पुरुषाचीच मुलगी निघते. उमराव तर बालपणी घरातून पळवून आणलेली. म्हणजे तुमच्या-आमच्या डोळ्यांत पाणी येण्यापूर्वी सिनेमा तिचा दाखला तपासतो. शाळेत नाव घालताना मागची शाळा, जन्मतारीख, वडिलांचे नाव विचारतात ना, तसेच. कूळ चांगले, दोष दैवाचा, मन निर्मळ, एवढे सिद्ध झाले की मग तिला आपली सहानुभूती मिळते. जिच्याजवळ असा दाखला नाही, ती तिथेच मागे कोपऱ्यात पानदान पुसत बसलेली असते. तिची कथा होत नाही.

आणखी एक गोष्ट या सिनेमांतून सुटते, ती म्हणजे हिशेब. लखनौच्या नगरपालिकेची १८५८ ते १८७७ या काळातली करदात्यांची दप्तरे इतिहासकारांनी पाहिली आहेत. त्यांत तवायफा वरच्या करवर्गात आढळतात. त्यांच्या नावावर घरे होती, बागा होत्या. १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी त्यांतल्या कित्येकींची मालमत्ता जप्त केली. म्हणजे या बाया कमावत होत्या, कर भरत होत्या, राजकारणातही होत्या. पडद्यावर आपल्याला झुंबर दिसते, घुंगरू दिसतात. जमाखर्चाची वही दिसत नाही.

कोठा जाऊन फ्लॅट आला तेव्हा तरी वही दिसली का? १९७० साली बी. आर. इशारांचा 'चेतना' आला. रेहाना सुलतान त्यात कॉलगर्ल झाली होती. मुजरा नाही, उर्दू शेर नाहीत, शहरात राहणारी आजची मुलगी. त्या काळी हे फार धाडसाचे मानले गेले. पण एक भला तरुण तिच्याशी लग्न करतो आणि जुने आयुष्य तिच्या पोटातून वर येते तेव्हा दिग्दर्शकाचे धाडस संपते; तिला मरावे लागते. त्याच सुमारास कन्नडमध्ये पुट्टण्णा कणगालांनी 'गेज्जे पूजे' काढला. वेश्येच्या घरी जन्मलेली, शाळेत हुशार, संसाराची आस असलेली कल्पनाची ती नायिका आमच्याकडच्या आया-आज्यांना मराठी नायिकेइतकीच जवळची होती. तीही शेवटी मरते. अमेरिकेतही वेगळे काही नव्हते. 'बटरफील्ड ८' हा १९६०चा चित्रपट. त्याचे नावच टेलिफोन एक्स्चेंजवरून घेतलेले. एलिझाबेथ टेलरला त्यासाठी ऑस्कर मिळाले. तिच्या नायिकेला मात्र मोटार अपघात मिळाला.

मारायचे नसेल तर लग्न लावून द्यायचे, ही दुसरी वाट. १९९० सालचा 'प्रिटी वुमन' आमच्या पिढीतल्या कॉलेजकुमारांनी व्हिडिओवर कितीदा पाहिला असेल! हॉलिवूडच्या रस्त्यावर उभी राहणारी मुलगी, तीन हजार डॉलरला एका आठवड्यासाठी ठरवणारा कोट्यधीश, उंची हॉटेल, दुकानात अपमान, पुन्हा त्याच दुकानासमोर पिशव्या भरून मिरवणे आणि अखेर फुले घेऊन जिना चढणारा राजकुमार. गंमत अशी की मूळ पटकथेचे नावच '३०००' होते आणि तिच्यात राजकुमार नव्हता. आठवडा संपल्यावर तो माणूस तिला मोटारीतून उतरवतो, पैसे तिच्या अंगावर टाकतो आणि निघून जातो, असा तो शेवट होता. निर्मात्यांनी तो बदलला, जगाने डोक्यावर घेतला. आपल्याकडे २००७ साली प्रदीप सरकारांचा 'लागा चुनरी में दाग' आला. बनारसची मोठी मुलगी घरची ओढाताण पाहून मुंबईला जाते आणि उंची ग्राहकांची सोबतीण होऊन पैसे घरी पाठवते. तिलाही शेवटी समजूतदार नवरा मिळतो. इथेही दाखला आहेच: पडका वाडा, आजारी वडील, धाकटीचे शिक्षण.

मरण किंवा मंगळसूत्र! या दोन फाटकांच्या मध्ये जे रोजचे आयुष्य असते त्याचे काय? भाड्याचे घर देताना घरमालक काय विचारतो, आजारपणात डॉक्टरला काय सांगायचे, मधला माणूस किती कापून घेतो, चाळिशीनंतर काय? आपला १९५६चा कायदाही साधारण लोकांना ठाऊक नसतो. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, एकटीने, खाजगीत असा व्यवहार केला तर एवढ्यावरून तो गुन्हा होत नाही. कुंटणखाना चालविणे, दलाली करणे, दुसऱ्याच्या कमाईवर जगणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे आहेत. सिनेमातला इन्स्पेक्टर असा फरक करताना मी पाहिलेला नाही.

अपवाद आहेत. अ‍ॅलन पाकुलांच्या १९७१च्या 'क्लूट'मध्ये जेन फोंडा न्यूयॉर्कची कॉलगर्ल आहे. गिऱ्हाइकाजवळ असताना ती हळूच मनगटावरच्या घड्याळाकडे पाहते. एवढ्या एका नजरेत कळते की हे तिचे काम आहे, तास संपायची ती वाट पाहते आहे, जशी शेवटच्या तासाला आमची मुले पाहतात. तिथे तिची कीवही येत नाही आणि मोहही पडत नाही. एक कामावरचे माणूस दिसते. शॉन बेकर यांच्या 'अनोरा'ला २०२५ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, त्यात तर 'प्रिटी वुमन'चा राजकुमारच उलटा करून दाखवला आहे. श्रीमंत रशियन पोरगा लग्न करतो आणि आईबापांची माणसे दारात येताच पळ काढतो. मात्र असे सिनेमे आमच्या गावापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. 'लागा चुनरी में दाग'ला तसा लागला नव्हता.

तो कुठवर पोचला होता ते सांगतो. २००८ सालची गोष्ट. मी तेव्हा सहशिक्षक होतो. आमच्या शाळेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली एक मुलगी बंगळूरला एका कंपनीत रात्रपाळीला होती. अमेरिकेतल्या लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, असे काम. संध्याकाळी कंपनीची गाडी न्यायला यायची, पहाटे सोडायची. दर महिन्याला ती घरी पैसे पाठवी. घराला स्लॅब पडला, धाकट्या भावाला मोटारसायकल आली. एका रविवारी तिचे वडील माझ्याकडे आले. चहा तसाच निवत ठेवून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "सर, लोकं काय काय बोलुलेत."

तिचे लग्न जमत आले होते. मुलाकडच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मध्यस्थाला विचारले होते, की पोरगी रात्री गाडीतून जाते, एवढा पगार मिळवते, तर नेमके करते काय? आणि पुढे म्हणे हसत म्हणाले होते, "त्या पिक्चरात दाखवलंय बघा!" वडिलांची विनंती एवढीच, की मी तिचा शिक्षक, माझ्या शब्दाला त्या गावात मान आहे, तर मी त्या लोकांना एकदा सांगावे. चारित्र्याचा दाखला मी शेकडो मुलांना लिहून दिला असेल. त्याचा छापील मजकूर असतो, तारीख आणि सही तेवढी घालायची. पण त्या दिवशी बापाच्या तोंडून तो शब्द ऐकताना माझ्या पोटात कालवले.

मी जाणार होतो. त्याआधी मुलगीच चतुर्थीच्या सुटीत गावी आली आणि मला भेटली. रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "सर, तुम्ही जाऊ नका. आज तुम्ही खात्री दिली तर उद्या ते त्या खात्रीची खात्री मागतील. आणि त्यांच्या मुलाची खात्री कोण देणार आहे मला? तोही बंगळूरलाच राहतो की." मी गेलो नाही. ते लग्न झाले नाही. पुढे तिने बरोबर काम करणाऱ्या धारवाडकडच्या एका कन्नड मुलाशी लग्न केले आणि गावाला बोलायला आणखी चार महिन्यांचा विषय मिळाला. असो. तिचे सगळे छान चालले आहे.

तिच्या त्या वाक्यानंतर मला राजिंदर सिंह बेदींचा 'दस्तक' नव्याने कळला. तोही १९७० सालचाच आणि नायिका तीच, रेहाना सुलतान. मुंबईत नवे बिऱ्हाड केलेले हमीद आणि सलमा हे तरुण जोडपे स्वस्तात मिळाली म्हणून एक जागा घेते. आधी तिथे मुजरा करणारी शमशाद बेगम राहत असे, हे त्यांना ठाऊक नसते. मग रात्री-अपरात्री दारावर थाप पडू लागते. जुनी गिऱ्हाइके येत राहतात, शेजारी कुजबुजतात. सलमाला गाता येते, पण त्या घरात गाणेही संशयाचे होऊन बसते. बाईने काहीच केलेले नाही. फक्त घर चुकीचे निघाले आणि तेवढे पुरले.

माझ्या मते या विषयावरचा आपल्याकडचा सर्वांत सच्चा सिनेमा हाच, आणि त्यात कॉलगर्ल एकही नाही. 'दस्तक'साठी रेहाना सुलतानला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण लोकांच्या लक्षात राहिली ती 'चेतना'. पुढे तिच्याकडे त्याच छापाच्या भूमिका येत राहिल्या. पडद्यावरच्या सलमाच्या दारावर जी थाप पडली, तीच त्या गुणी अभिनेत्रीच्याही वाट्याला आली.

सिनेमा या बायकांना मखरात बसवतो किंवा मारतो, हा झाला त्यांच्यावरचा अन्याय. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे आणि छाप्याच्या वेळी त्यांची ओळख उघड होता कामा नये. न्यायालयाला हे सांगावे लागले. पण दुसरा अन्याय त्याहून दूरवर पसरतो. गिऱ्हाइकाला चेहरा न दिल्यामुळे सगळा संशय बाईकडे वळतो आणि एका बाईवर थांबत नाही. मग परगावी राहणारी, रात्री कामाला जाणारी, बऱ्यापैकी कपडे करणारी, आपल्या पैशाने घर बांधणारी प्रत्येक मुलगी दाखला देण्याच्या रांगेत उभी राहते. सीमाभागातल्या आपल्या घरांतून आज कितीतरी मुली पुण्याला, बंगळूरला, हैदराबादला गेल्या आहेत. दिवाळीला त्या घरी येतील. त्यांच्या हातातल्या नव्या फोनची किंमत कोणीतरी विचारेल.

घरात असा एखादा सिनेमा लागला की आपण घाईने चॅनेल बदलतो. मी मात्र पालकांना सांगतो, बदलू नका. मुलगा शेजारी बसलेला असेल तर त्याला एक साधा प्रश्न विचारा: पहाटे त्या खोलीतून बाहेर पडणारा तो माणूस आता कुठे जाणार? मुलगा थोडा विचार करील आणि म्हणेल, घरी. मग त्याला पुढचेही विचारा, त्या घराच्या दारावर कोणी थाप मारते का?