आभारानंतरचे वाक्य



'थँक यू' हा शब्द आता सोलापुरात परका राहिलेला नाही. रिक्षातून उतरणारा प्रवासी, बँकेच्या खिडकीपाशी उभा असलेला खातेदार, चादर विकत घेणारा परगावचा पाहुणा, सारेच तो सहज उच्चारतात. अडचण त्यापुढे येते. त्यावर आपण काय म्हणावे? आपल्यापैकी अनेक जण दवाखान्यात, कार्यालयात, दुकानात नोकरी सांभाळून शिकत आहात. म्हणून हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. इंग्रजी बोलणाऱ्या ग्राहकाने आभार मानले आणि आपण नुसती मान हलवली, तर त्याला ते तुटकपणाचे वाटू शकते. आपले कुठे काय चुकले, हे मात्र आपल्याला उमगत नाही.

वस्तुतः चूक कोणाचीच नसते. संभाषणातील काही वाक्ये जोडीने येतात: प्रश्नामागून उत्तर, नमस्कारामागून नमस्कार. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स यांनी १९७३ साली अशा जोड्यांचे विवेचन केले. पहिले वाक्य उच्चारले गेले की दुसऱ्याची अपेक्षा निर्माण होते. ते आले नाही तर उणीव जाणवते. आभारांची ही जोडी इंग्रजीत बहुधा शब्दांनी पुरी होते, मराठीत अनेकदा कृतीने.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारी एक तेलुगू भाषक विणकर कुटुंब राहत असे. त्यांच्या घरून आलेली वाटी आई कधी रिकामी परत पाठवीत नसे. तीत शेंगाचटणी असे, निदान चिमूटभर साखर तरी. दोन्ही घरांत आभाराचा शब्द उच्चारला गेल्याचे मला आठवत नाही. तरीही व्यवहारात काही अपुरे राहत नव्हते. उलट जवळच्या माणसाने आभार मानले, तर 'मला परके केलेस का?' असे आपण विचारतो.

'आभार' या शब्दातच भार आहे. आपली उत्तरे तो भार उतरवू पाहतात: 'त्यात काय एवढे', 'आभार कसले मानता', आणि आपल्या सोलापुरी बोलीत 'असू द्या की'. कन्नडमधील 'परवागिल्ल', तेलुगूतील 'परवालेदु', उर्दूतील 'कोई बात नहीं' हेही तेच काम करतात. इंग्रजीतील 'नॉट ॲट ऑल' आणि 'डोन्ट मेन्शन इट' याच कुळातील होत. 'यू आर वेलकम'चे कूळ मात्र निराळे. ते केलेली मदत लहान ठरवीत नाही. 'तुम्ही ती निःसंकोच घ्यावी' असे सुचवते. म्हणूनच 'तुमचे स्वागत आहे' हे त्याचे भाषांतर मराठी कानाला खटकते. आपल्याकडे स्वागत होते ते दारी आलेल्या पाहुण्याचे.

'मेन्शन नॉट' हे आपण ऐकले असेल. 'डोन्ट मेन्शन इट'चे हे भारतीय रूप. त्यावर कोणी हसल्यास खजील होऊ नका. त्यामागील नम्रता आपल्या 'आभार कसले' इतकीच अस्सल आहे. तथापि परदेशी श्रोत्याला ते अनोळखी वाटेल. कामाच्या ठिकाणी 'यू आर वेलकम' निर्धास्तपणे वापरावे. एखादे काम मनापासून केले असेल, तर 'माय प्लेझर' शोभते. 'नो प्रॉब्लेम' परिचितांत चालते, परंतु वडीलधाऱ्यांपैकी काहींना ते सैल वाटते.

येत्या आठवड्यात एक वही जवळ ठेवा. कोणी कोणाचे आभार मानले, उत्तर शब्दांनी आले, हसण्याने आले की भरलेल्या वाटीने, याची नोंद करा. दोघांचे नाते काय होते, तेही लिहा. मग त्या प्रत्येक प्रसंगी इंग्रजीत कोणते उत्तर योग्य ठरले असते, ते शेजारी मांडा. एकाच इंग्रजी वाक्याने सगळ्या जागा भरत नाहीत, हे आपल्याच वहीत आपल्याला दिसेल.