बाळ आधी, आकडा मग

चाळीस वर्षं धानाच्या बांधीत काढली. मोटारपंप, फवारणीचा पंप, मळणीयंत्र, सारं हाताखालून गेलं. पण सगळ्यांत नाजूक यंत्र घरात आलं ते साठी उलटल्यावर, नातीच्या पायी.

नात अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जन्मली. नागपूरच्या एका रुग्णालयात तीन महिने पेटीत होती. फुप्फुसं पुरती भरली नव्हती, म्हणून घरी सोडतानाही नाकाला बारीक नळी आणि मिनिटाला अर्धा लिटर ऑक्सिजन लागणारच होता.

मी सिस्टरले इचारलं, "घरी हे सारं कोन पाहीन?"

ती म्हणाली, "तुम्हीच, बाबा. शिकल्याशिवाय सोडणार नाही."

आमची बुढी घाबरून गेली. तिचं भेव खोटं नव्हतं. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० लेकरं गेली होती. आमच्या तुमसरकडे ते कोणी विसरलं नाही.

चार दिवस सून, बुढी आणि मी, तिघांनीही सगळं स्वतःच्या हातानं करून दाखवलं. सिस्टरनं यंत्राचं काम सोपं करून सांगितलं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. यंत्रातले झिओलाइटचे खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन नळीतून येतो. बुढी लगेच म्हणाली, "म्हंजे सुपावानी. कोंडा अलग, दाना अलग." त्यानंतर तिचं भेव अर्धं उतरलं.

घरी आल्यावर नियम भिंतीवर लिहून टाकले. बाळाच्या खोलीत चूल, दिवा, अगरबत्ती नाही. आमच्याकडे घरोघरी बिडी, म्हणून पाहुण्याची बिडी अंगणातच. नळीतून हवा येते की नाही कळत नसेल, तर टोक पेल्यातल्या पाण्यात धरायचं, बुडबुडे पाहायचे आणि पुसून मग नाकाला लावायचं. यंत्राची जाळी आठवड्यातून एकदा धुवायची, मळणीची धूळ असली तर लवकर. नट अडला की ग्रीस लावायचा ही शेतकऱ्याच्या हाताची सवय, पण ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेलाचा, ग्रीसचा थेंबही चालत नाही. पेट घेतो.

वीज गेली की यंत्र बंद, म्हणून सिलिंडर भरून ठेवलेला. हिशेब माझ्याकडे होता. १५०० लिटर, मिनिटाला अर्धा, म्हणजे ३००० मिनिटं, म्हणजे ५० तास. मी ४० च धरत होतो. बियाणं मोजून पेरणारा माणूस तळ गाठेस्तोवर वाट पाहत नाही.

पण खरं शिक्षण झालं ते सुनेचं. पायाला बांधायच्या पट्टीवर लाल दिवा लागे आणि आकडा येई. ९२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, असं आम्हाला सांगितलेलं. एका रात्री आकडा एकदम ७८. मी सिलिंडरकडे धावलो. सून म्हणाली, "थांबा मामाजी, आधी पोरीले पाहा." ओठ गुलाबी, श्वास शांत, पोर मजेत दूध पीत होती. पाय थंड पडला होता, पट्टी सैल झाली होती. पाय चोळून पट्टी नीट केली, आकडा ९५.

पुढे पौषात उलटं घडलं. आकडा ९३, पण सून म्हणाली, "बरगड्या आत ओढतात, नाकपुड्या फुलतात." फोन केला. डॉक्टर म्हणाले, निघा. सिलिंडर गाडीत ठेवून त्याच रात्री नागपूर गाठलं. न्यूमोनिया निघाला. आठ दिवसांनी पोर घरी आली. आकड्यावर विसंबून सकाळची वाट पाहिली असती, तर हे लिहायला मी बसलो नसतो.

सून बारावी, मी दहावी. लोक म्हणतात, एवढं डाक्टरी काम तुम्हाले कसं जमलं? मी त्यांना आपल्या झाडीपट्टीतल्याच गडचिरोलीचं सांगतो. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या खेड्यातल्या बाया तयार केल्या. त्या घरोघरी बाळाचं वजन घेत, श्वास मोजत, जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्याला मास्क लावून श्वास देत. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकानं ते छापलं. पुढे सरकारनं आशाताईंना तेच काम दिलं.

त्या बायांचं आणि सुनेचं शिक्षण सारखंच झालं. कोणीतरी हातात हात धरून शिकवलं, दहादा करून घेतलं आणि मग विश्वास टाकला. रोवणीला येणारी पोरगी पऱ्हे कसे धरायचे ते अशीच शिकते.

नात चौदा महिन्यांची झाली तेव्हा नळी सुटली. यंत्र आता दुसऱ्या गावच्या एका बाळाकडे आहे. सोबत भिंतीवरचे नियमही उतरवून दिले. त्यात सुनेनं सगळ्यांत वर आपल्या हातानं एक ओळ घातली : आधी पोरीले पाहा.